ध्रुवीय बर्फातील रेडिओ रव: न्यूट्रिनोचा स्पंद खरा कसा मानायचा?

हिमरेषा (धागाकर्ती)

दक्षिण ध्रुवाच्या बर्फात दोनशे मीटर खोल सोडलेली अँटेना वर्षभर जे काही ऐकते, ते जवळजवळ सगळे रव, म्हणजे नको असलेला खरखराट, असते. न्यूट्रिनोंविषयी, म्हणजे पदार्थाशी क्वचितच आदळणाऱ्या सूक्ष्म कणांविषयी, लिहिताना आपण त्यांचा उगम, त्यांची ऊर्जा आणि त्यांना पकडण्यातली अडचण यांवर बोलतो. या धाग्यात मात्र मला त्या रवाविषयीच लिहायचे आहे, कारण या क्षेत्रातला प्रत्येक दावा शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: हा स्पंद दुसऱ्या कशामुळे आला नाही, हे तुम्ही कशावरून सांगता?

आधी थोडी पूर्वपीठिका. ग्रायसेन, झात्सेपिन आणि कुझमिन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की सुमारे ५ गुणिले १० चा १९ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट यापेक्षा अधिक ऊर्जेचे प्रोटॉन विश्वाच्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाशी (महास्फोटानंतर उरलेल्या, सर्वत्र पसरलेल्या लहरींशी) आदळून ऊर्जा गमावतात. या टकरींतून जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचे भाकीत बेरेझिन्स्की आणि झात्सेपिन यांनी १९६९ मध्ये केले. असे न्यूट्रिनो इतके विरळ असतात की एक घन किलोमीटर बर्फही त्यांना अपुरा पडतो. आइसक्यूब या प्रकाशीय शोधकात ८६ तारा आणि ५१६० संवेदक आहेत, पण बर्फात प्रकाश फार दूर जात नसल्याने त्या तारा सव्वाशे मीटरच्या अंतराने रोवाव्या लागल्या. थंड बर्फात रेडिओ लहरी मात्र क्षीण होण्याआधी किलोमीटरच्या आसपास प्रवास करतात. म्हणून थोड्या अँटेनांनी फार मोठे क्षेत्र राखता येते.

या पद्धतीचा पाया गुर्गेन आस्कारियन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी घातला. न्यूट्रिनो बर्फात आदळला की कणवर्षाव सुरू होतो. तो पुढे सरकताना बर्फातील इलेक्ट्रॉन आपल्यात ओढून घेतो, तर त्यातले पॉझिट्रॉन वाटेत नष्ट होत जातात, आणि त्यामुळे वर्षावात सुमारे वीस टक्के ऋण भार जास्त होतो. या वर्षावाची रुंदी दहा सेंटिमीटरच्या घरात असते. तिच्याहून लांब लहरींसाठी सगळे कण एकाच भारासारखे वागतात आणि प्रारणाची शक्ती ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बर्फाचा अपवर्तनांक १.७८ असल्याने हे प्रारण वर्षावाच्या दिशेशी सुमारे ५६ अंशांचा शंकू करून बाहेर पडते. स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरकावर हा परिणाम आधी वाळूत, नंतर मिठात आणि २००६ मध्ये प्रत्यक्ष बर्फाच्या ठोकळ्यात दिसला. त्यामुळे संकेत कसा असेल हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे: काही नॅनोसेकंदांचा, रुंद पट्ट्याचा, ठरावीक ध्रुवणाचा (विद्युत क्षेत्राच्या ठरावीक दिशेचा) एकच झटका.

अडचण अशी की असे झटके देणारे इतरही बरेच काही आहे. माझे मत मी आधीच मांडते, म्हणजे वाद नेमका होईल. औष्णिक रव (उष्णतेमुळे होणारा खरखराट) आकाराने सर्वांत मोठा असला तरी तो सर्वांत कमी धोक्याचा आहे, कारण त्याचे संभाव्यतेचे गणित आपल्याला लिहिता येते. खरी भीती आहे ती वाऱ्याची, माणसाची आणि वैश्विक किरणांची (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांची). त्यांच्यापैकी पहिल्या दोघांसाठी कोणतेही सूत्र नाही, आणि तिसऱ्याचा संकेत न्यूट्रिनोसारखाच दिसतो.

जिज्ञासू

लेख आवडला. एक प्राथमिक शंका आहे. औष्णिक रव इतका ज्ञात असेल, तर ट्रिगरची पातळी, म्हणजे ज्या व्होल्टेजला नोंद सुरू होते ती, त्याच्या बरीच वर का ठेवत नाहीत? मग तो प्रश्न मुळातूनच मिटेल, असे वाटते.

संख्यारसिक

या शंकेचे उत्तर आकड्यांतून देतो.

बर्फाचे आणि ॲम्प्लिफायरचे मिळून तापमान २५० केल्विन धरा आणि वारंवारतेचा पट्टा ७०० मेगाहर्ट्झ रुंद धरा. बोल्ट्झमनचा स्थिरांक, तापमान आणि पट्टा यांचा गुणाकार केला की रवाची शक्ती सुमारे २.४ गुणिले १० चा उणे १२ वा घात वॅट येते. पन्नास ओहमच्या तारेवर ती अकरा मायक्रोव्होल्ट होते. हा झाला अँटेनेतला नेहमीचा रव.

अशा पट्ट्यात सेकंदाला सुमारे १४० कोटी स्वतंत्र नमुने येतात. प्रमाण विचलनाच्या पाचपट पातळी कोणताही गाउसीय रव दर दहा कोटी नमुन्यांत साधारण ५७ वेळा ओलांडतो. म्हणजे एका अँटेनेत दर सेकंदाला आठशे खोटे इशारे येतील. पातळी सहापट केली तर ते सेकंदाला तीनवर येतात आणि सातपट केली तर चार-पाच मिनिटांत एक. आता वाटेल की सातपट ठेवावी आणि मोकळे व्हावे. पण संकेताचा व्होल्टेज न्यूट्रिनोच्या ऊर्जेच्या प्रमाणात असतो आणि अंतर वाढेल तसा तो घटत जातो. पातळी वाढवली की दूरचे आणि कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो हातचे जातात, आणि संख्येने जास्त असतात ते हेच. त्यामुळे प्रत्येक प्रयोग पातळी उलट खाली नेण्यासाठी झटत असतो.

हे शक्य होते ते एकाच वेळी अनेक अँटेनांना विचारल्यामुळे. दक्षिण ध्रुवावरच्या आस्कारियन रेडिओ ॲरे या प्रयोगाच्या स्थानकात उभ्या ध्रुवणाच्या आठ आणि आडव्या ध्रुवणाच्या आठ अँटेना आहेत, आणि त्या वीसेक मीटरच्या घनात बसवल्या आहेत. एकाच ध्रुवणाच्या आठपैकी किमान तीन अँटेना १७० नॅनोसेकंदांच्या आत वाजल्या तरच नोंद करायची, असा नियम घ्या. बर्फात रेडिओ लहर एवढ्या वेळात सुमारे २९ मीटर जाते, म्हणजे स्थानकाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. आता एकेक अँटेना सेकंदाला दहा हजार वेळा खोटी वाजली, तरी निव्वळ योगायोगाने तिघी जुळण्याचे प्रमाण सेकंदाला सुमारे पाच इतकेच राहते. पातळी बरीच खाली आणता येते ती यामुळे.

तरीही सेकंदाला पाच म्हणजे वर्षाला जवळजवळ सोळा कोटी नोंदी झाल्या, आणि त्यांत एका स्थानकाच्या वाट्याला वर्षाला एक न्यूट्रिनोही येईल अशी अपेक्षा नाही.

हिमरेषा

संख्यारसिक, आभार. या गणितात एक भर घालते. सोळा कोटींतल्या योगायोगाच्या नोंदींना दिशा नसते. खरी लहर एका दिशेने येते, त्यामुळे अँटेनांपर्यंत पोहोचण्याच्या वेळांमध्ये भूमितीने बांधलेला क्रम असतो. अँटेनांचे संकेत जोडीजोडीने ताडून पाहिले आणि प्रत्येक संभाव्य दिशेसाठी ते सरकवून बेरीज केली, की औष्णिक रव कोणत्याच दिशेला ठळक होत नाही. हीच बेरीज ट्रिगरच्याच क्षणी करणे म्हणजे फेज्ड ॲरे. जवळजवळ ठेवलेल्या काही अँटेनांचे संकेत योग्य विलंब देऊन मिळवले, की संकेत अँटेनांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि रव तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आस्कारियन ॲरेच्या पाचव्या स्थानकात ही पद्धत प्रथम बसवली गेली, आणि ग्रीनलँडच्या समिट स्थानकाजवळ २०२१ पासून उभ्या राहत असलेल्या रेडिओ न्यूट्रिनो वेधशाळेने ती सुरुवातीपासूनच स्वीकारली.

म्हणूनच औष्णिक रवाला मी प्रामाणिक रव म्हणते. त्याची शेपूट किती लांब आहे हे आपण मोजू शकतो, आणि 'वर्षभरात यातून इतक्या चुका होतील' असे लिहून देऊ शकतो.

रेडिओप्रेमी

औष्णिक रवाच्या बरोबरीने आकाशगंगेचा रव विसरू नये. कार्ल जान्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला २०.५ मेगाहर्ट्झवर जो अखंड खरखराट ऐकला, तो दररोज चार मिनिटे लवकर येत होता. म्हणजे त्याची आवृत्ती २३ तास ५६ मिनिटांची होती, आणि तेवढ्यावरून त्यांनी ओळखले की त्याचा उगम सूर्यात नसून ताऱ्यांच्या चौकटीत आहे. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाचे रेडिओ तापमान बर्फाच्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त असते. पृष्ठभागालगतच्या, वर तोंड केलेल्या अँटेनांना ते स्पष्ट जाणवते. ध्रुवीय प्रयोगांतही हीच नक्षत्र दिवसाची खूण वापरता येईल ना?

मला यात एक विलक्षण साखळी दिसते. ज्या पार्श्वप्रारणामुळे हे न्यूट्रिनो जन्मतात, तेही १९६४-६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आधी अँटेनेतला न हटणारा रव म्हणूनच भेटले होते.

हिमरेषा

ही साखळी मलाही फार प्रिय आहे. नक्षत्र दिवसाच्या खुणेबाबत मात्र ठिकाण पाहावे लागते. बरोबर दक्षिण ध्रुवावर उभे राहिलो तर तारे उगवत नाहीत आणि मावळतही नाहीत. आकाशगंगेचे केंद्र दक्षिण क्रांती २९ अंशांवर असल्याने ते वर्षभर क्षितिजावर २९ अंशांच्याच उंचीवर गोल फिरत राहते. त्यामुळे सर्व दिशांना सारखेच ऐकणाऱ्या अँटेनेत रवाची पातळी फारशी वरखाली होणार नाही. दिशांमध्ये भेद करणाऱ्या अँटेनेत मात्र होईल. समिट स्थानक साडेबहात्तर अंश उत्तरेला आहे. तेथे केंद्र कधीच उगवत नाही, पण आकाशगंगेचा पट्टा वरखाली होतो आणि त्याची चढउतार दिसते. हा रव उपद्रव कमी आणि उपयोग जास्त देतो. त्याची तीव्रता आधीच ठाऊक असल्याने अँटेना आणि ॲम्प्लिफायर ठीक चालले आहेत की नाही, हे तो दररोज फुकट तपासून देतो.

सूर्याचेही तसेच आहे. १५ फेब्रुवारी २०११ रोजी झालेल्या एक्स वर्गाच्या सौरज्वाळेचे रेडिओ प्रारण आस्कारियन ॲरेच्या चाचणी स्थानकाने टिपले होते आणि त्याची दिशा सूर्याशी जुळली. उगम माहीत असलेला असा रव मिळणे ही प्रयोगासाठी भाग्याची गोष्ट असते.

जिज्ञासू

मग माणसाच्या रवाचे काय? ध्रुवावर माणसे ती किती असणार?

हिमरेषा

थोडीच असतात, पण त्यांची यंत्रे पुरेशी असतात. दक्षिण ध्रुवावरून रोज हवामानाचे फुगे सोडतात आणि त्यांचा प्रेषक ४०३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत राहतो. शिवाय वॉकीटॉकी, विमाने आणि उपग्रह आहेतच. हे सारे एकाच वारंवारतेवर सलग चालणारे असल्याने वर्णपटात अणकुचीदार काट्यासारखे दिसतात आणि गाळून टाकता येतात. अनिता या फुग्यावरच्या प्रयोगाला तर सदतीस किलोमीटर उंचीवरून एका वेळी पंधरा लाख चौरस किलोमीटर बर्फ दिसत असे, आणि त्यामुळे त्यावरचे प्रत्येक संशोधन स्थानकही दिसत असे. तिसऱ्या उड्डाणात उपग्रहांच्या सलग लहरींनी इतका त्रास दिला की २०१६ च्या चौथ्या उड्डाणात ठरावीक वारंवारता कापणाऱ्या, उड्डाण चालू असताना बदलता येणाऱ्या गाळण्या बसवाव्या लागल्या.

सलग लहर पकडणे सोपे असते. अवघड असते ती ठिणगी: एखाद्या इंजिनातली, एखाद्या स्विचमधली, एकदाच उडणारी. ती रुंद पट्ट्याची असते, क्षणिक असते, आणि ती किती वेळा उडेल याचे कोणतेही सूत्र नसते. अशा वेळी अनितासारखे प्रयोग समूह पाहतात. एकाच जागेहून दोन, तीन किंवा दहा स्पंद आले असतील तर ती जागा माणसाची मानतात. मग अशा लहान-मोठ्या समूहांच्या संख्येवरून अंदाज बांधतात की समूह न झालेले, एकटेच राहिलेले मानवी स्पंद किती असतील. न्यूट्रिनो असलाच तर तो त्या एकट्यांमध्येच असणार.

रेडिओप्रेमी

वाऱ्याविषयी मात्र आपण फक्त उल्लेख करून पुढे गेलात.

हिमरेषा

खरे आहे, आणि हा विषय सविस्तर लिहिण्यासारखा आहे.

ध्रुवीय हिमकण अत्यंत कोरडे असतात. वारा जोरात वाहू लागला की ते एकमेकांवर आणि पृष्ठभागावरच्या वस्तूंवर घासत जातात, घर्षणाने भार साठत जातो, आणि धातूच्या टोकांवरून किंवा तारांवरून त्याचा लहान लहान विसर्ग होतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास गेला की ध्रुवीय रेडिओ प्रयोगांत नोंदींचे प्रमाण वाढू लागते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात दिसून आले आहे. हा विसर्ग क्षणिक आणि रुंद पट्ट्याचा असतो. त्याला वाहक लहर नसते, वेळापत्रक नसते, आणि तो माणूस जवळ नसतानाही होतो. भर हिवाळ्यात, ज्या काळाला आपण सर्वांत शांत समजतो त्याच काळात, तो सर्वांत जास्त असू शकतो. न्यूट्रिनोची सोंगे अनेक आहेत, पण इतके हुबेहूब सोंग निर्जीव हवामानाने वठवावे याचे मला आजही आश्चर्य वाटते.

त्याला ओळखण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे काळ: असे स्पंद वादळाबरोबर थव्याने येतात आणि वेगमापकाच्या नोंदींशी जुळतात. दुसरा मार्ग भूमितीचा, आणि तो मला अधिक भरवशाचा वाटतो. वरचा सुमारे शंभर मीटरचा थर म्हणजे फर्न, अजून पूर्ण न दाबला गेलेला बर्फ. तेथे अपवर्तनांक पृष्ठभागाशी सुमारे १.३५ असतो आणि खोल जाताना १.७८ पर्यंत वाढतो, म्हणून किरण वाकतात. हवेतून येणारी कोणतीही लहर, अगदी क्षितिजालगतची असली तरी, खोल बर्फात उतरल्यावर उभ्या रेषेशी ३४ अंशांपेक्षा जास्त कोन करू शकत नाही. सगळे आकाश त्या शंकूत आक्रसून जाते. हिमाच्या वरच्या थरात उगम पावलेली लहरही सुमारे ४९ अंशांपर्यंतच येऊ शकते. दोनशे मीटर खोल बसलेल्या अँटेनेला यापेक्षा आडव्या किंवा खालच्या दिशेने स्पंद आला, तर त्याचा उगम पृष्ठभागावर असणे कठीण. एवढे खोल छिद्र पाडण्याचा खर्च आणि कष्ट घेण्यामागे हे फार मोठे कारण आहे. पृष्ठभागालगतच्या अँटेनांना हे संरक्षण नसते.

संख्यारसिक

पण फर्न एकसारखा नसतो. त्यात थर आहेत, आणि थरांवरून लहरी परावर्तित होतात. पृष्ठभागावरची ठिणगी आधी खाली जाऊन खोलवरच्या एखाद्या थरावरून परत वर आली, तर तुमचा ४९ अंशांचा नियम मोडणार नाही का?

हिमरेषा

तत्त्वतः मोडेल, आणि ही शंका योग्यच आहे. अशी परावर्तने क्षीण असतात, पण मूळ ठिणगी जोरदार असेल तर क्षीण प्रतिध्वनीही पुरतो. म्हणूनच बर्फात प्रेषक सोडून थरांचे मापन करतात, आणि म्हणूनच नुसत्या दिशेवर कोणी समाधान मानत नाही. खऱ्या बर्फांतर्गत स्पंदाची आणखी एक खूण शोधली जाते. वाकणाऱ्या किरणांमुळे अँटेनेपर्यंत दोन वाटा असतात: एक थेट, दुसरी वर जाऊन वाकून किंवा पृष्ठभागावरून परतून येणारी. दोन्ही स्पंद ठरावीक वेळेच्या फरकाने मिळाले तर उगमाचे अंतर काढता येते, आणि पाठोपाठ त्या अंतरावरून ऊर्जाही काढता येते.

जिज्ञासू

अनिताने पाहिलेल्या त्या विचित्र घटनांचे काय झाले? त्या वेळी फार चर्चा झाली होती.

हिमरेषा

पहिल्या आणि तिसऱ्या उड्डाणात एकेक असे दोन स्पंद मिळाले, आणि त्यांची ध्रुवता (स्पंदाचे धन-ऋण चिन्ह) परावर्तित वैश्विक किरणांसारखी उलटलेली नव्हती. म्हणजे ते बर्फातून वर येणाऱ्या कणवर्षावासारखे दिसत होते. पण त्यांचा क्षितिजाखालचा कोन सुमारे २७ आणि ३५ अंश होता. त्या वाटेने यायचे तर पृथ्वीतून अनुक्रमे जवळजवळ सहा हजार आणि सात हजार किलोमीटर पार करावे लागते, आणि १० चा १८ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रिनो खडकात काही शे किलोमीटरांतच थांबतो. आइसक्यूबने त्या दिशांना जुळणारे स्रोत शोधले, पण काही सापडले नाही. पुढे वैश्विक किरणांच्या ओझे वेधशाळेलाही तशा वर येणाऱ्या वर्षावांचा आधार मिळाला नाही. बर्फाखालच्या रचनांमुळे परावर्तन वेगळे होऊ शकते का, यावरही लेख आले. माझे मत असे की दोन घटनांवरून नवे भौतिकशास्त्र मांडण्याआधी आपल्या परावर्तनाच्या ज्ञानाची परीक्षा व्हायला हवी, आणि ती अजून पुरी झालेली नाही.

संख्यारसिक

आता आपण तिसऱ्या धोक्याकडे यावे, वैश्विक किरणांकडे. माझ्या मते सर्वांत कठीण तोच आहे, कारण तेथे नक्कल नाही. तेथे प्रत्यक्ष आस्कारियन प्रारणच असते.

हिमरेषा

सहमत आहे. वैश्विक किरणांचा हवेतला वर्षाव चुंबकीय क्षेत्रामुळे रेडिओ प्रारण देतो. ध्रुवाजवळ ते क्षेत्र जवळजवळ उभे असल्याने हे प्रारण मुख्यतः आडव्या ध्रुवणाचे असते, आणि ते वरून येते. ते ओळखता येते. पण दक्षिण ध्रुवाचा बर्फ समुद्रसपाटीपासून २८०० मीटर उंच आहे, आणि समिट स्थानक त्याहूनही उंच आहे. एवढ्या उंचीवर वर्षावाचा गाभा पुरता विरण्याआधीच बर्फावर आदळतो आणि आत शिरून वर्षाव चालू ठेवतो. त्या क्षणापासून अँटेनेच्या दृष्टीने तो आणि न्यूट्रिनो यांत एकच फरक उरतो: तो वरच्या काही मीटरांत घडतो.

याबाबत २०२५ मध्ये आस्कारियन ॲरेने मांडलेला निष्कर्ष मला या सबंध क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेज्ड ॲरेच्या २०८ दिवसांच्या नोंदींत पृष्ठभागाखालून आलेले १३ स्पंद मिळाले. त्यांची संख्या, दिशा, आकार, वर्णपट आणि ध्रुवण हे सारे बर्फावर आदळलेल्या वर्षावगाभ्यांशी जुळले, आणि औष्णिक व पृष्ठभागावरच्या रवातून एवढे स्पंद येणे ५.१ सिग्मा पातळीवर, म्हणजे योगायोगाची शक्यता अत्यल्प ठरवून, नाकारले गेले. निसर्गातल्या बर्फात निसर्गातल्याच कणांचे आस्कारियन प्रारण दिसल्याचा हा पहिला पुरावा आहे.

रेडिओप्रेमी

म्हणजे आज न्यूट्रिनोचा रव मानलेली गोष्ट उद्याचे मापनसाधन ठरते. तेरा स्पंद ही न्यूट्रिनोच्या शोधासाठी चांगली बातमी मानायची की वाईट?

हिमरेषा

दोन्ही. चांगली यासाठी की साखळीतला प्रत्येक दुवा, म्हणजे प्रारण, बर्फातला प्रवास, अँटेना, ट्रिगर आणि विश्लेषण, आता खऱ्या कणांवर तपासला गेला आहे. वाईट यासाठी की २०८ दिवसांत एका उपकरणात असे तेरा मिळतात आणि न्यूट्रिनो वर्षाला एकही अपेक्षित नाही. त्यामुळे प्रत्येक उमेदवाराची खोली पुरेशा अचूकतेने काढणे अटळ आहे. ग्रीनलँडच्या स्थानकांवर खोल अँटेनांबरोबर वर तोंड केलेल्या पृष्ठभागीय अँटेना ठेवल्या आहेत, त्या यासाठीच. हवेतला वर्षाव वर दिसला तर खालचा स्पंद बाद करायचा. वर्षावातून सुटलेला एखादा अतिऊर्जावान म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) मात्र कित्येकशे मीटर खोल जाऊन तेथे ऊर्जा सोडू शकतो, आणि मूळ वर्षाव कललेला असेल तर वरच्या अँटेनांना तो दिसेलच असे नाही. ही फट अजून पूर्ण बुजलेली नाही.

जिज्ञासू

शेवटचा प्रश्न. भूमध्य समुद्रात केएमथ्रीनेट या खोल पाण्यातल्या शोधकाने १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सुमारे २२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रिनो टिपला. तसाच एक उद्या बर्फात रेडिओने मिळाला, तर आपण कोणत्या क्रमाने त्याची परीक्षा घ्याल?

हिमरेषा

सर्वांत आधी हे पाहीन की निवडीचे निकष तो स्पंद दिसण्यापूर्वी गोठवलेले होते की नाही. साधारण दहा टक्के नोंदींवर निकष बसवून उरलेल्या नव्वद टक्के झाकून ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. मग त्या तासाचा वाऱ्याचा वेग, हवामानाच्या फुग्याची वेळ आणि स्थानकावरच्या हालचालींची नोंद पाहीन. त्याच दिशेने आधी किंवा नंतर दुसरा कोणताही स्पंद आला होता का, हे तपासेन. त्यानंतर दिशा ४९ अंशांच्या शंकूबाहेर आहे का, दुसऱ्या वाटेचा स्पंद अपेक्षित विलंबाने आला का, आणि दोन्हींवरून काढलेली खोली वरच्या काही मीटरांत पडत नाही ना, हे पाहीन. ध्रुवण ५६ अंशांच्या शंकूशी सुसंगत असावे लागेल, आणि त्यावरून काढलेली न्यूट्रिनोची दिशा पृथ्वीच्या पोटातून नव्हे तर क्षितिजालगत किंवा त्याच्या वरून येणारी असावी लागेल. शेजारच्या स्थानकातही तो दिसला असेल तर उत्तम, पण स्थानकांत एक-दोन किलोमीटरचे अंतर असल्याने बहुतेक स्पंद एकाच स्थानकात दिसतील, असे गृहीत धरूनच हे सगळे करावे लागेल.

संख्यारसिक

यात एक भर: त्याच पट्ट्यातल्या, त्याच वर्षातल्या औष्णिक नोंदींमध्ये बनावट स्पंद मिसळून, विश्लेषण करणाऱ्यांना न सांगता, तेच निकष त्यांच्यावर चालवून पाहावेत. किती खरे निसटतात ते कळले नाही, तर जो सापडला त्याच्यावरून प्रवाह किती हे काढताच येणार नाही.

हिमरेषा

मान्य. हे दुसऱ्या क्रमांकावर घालते, निकष गोठवल्यानंतर लगेच आणि वाऱ्याच्या नोंदी उघडण्यापूर्वी.